माघाऱ्यांच्या वाडीतली तुळसाबाई

रत्नागिरीत कुणाचं घर शोधायचं असेल तर आडनाव विचारून उपयोग नाही, हे कळायला मला लग्नानंतर वर्षभर लागलं. आमच्या आळीत एक शिंपी होते. दुकानावर पाटी भलत्याच नावाची होती, पण सगळा गाव त्यांना 'उद्याशेठ' म्हणायचा, कारण कपडे कधी मिळतील याचं त्यांच्याकडे एकच उत्तर असे. बंदराच्या वाटेवर एक 'हळूबाई' राहायच्या. त्या स्वतः वाऱ्यासारख्या चालत. त्यांच्या सासूबाई दारात येणाऱ्या प्रत्येकाला "हळू, उंबरा आहे" म्हणायच्या, आणि सासूबाई गेल्या तरी नाव घरातच राहिलं, सुनेला मिळालं. ही नावं फणसाच्या चिकासारखी. तेल लावून कितीही चोळा, बोटांना थोडा राहतोच.

ही झाली एकेका घराची गोष्ट. आमच्या परड्यामागे खाडीच्या अंगाला जी वाडी आहे, तिथे मात्र सगळ्या वाडीलाच एक नाव पडलेलं आहे. नगरपालिकेच्या दफ्तरात तिचं नाव चांगलं देवाचं आहे. ते सांगितलं तर रिक्षावाला विचारात पडतो. 'माघाऱ्यांची वाडी' म्हटलं की मुकाट्याने रिक्षा वळवतो.

माघारे म्हणजे माघारी फिरलेले. आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी या वाडीतून खाडीपलीकडच्या आंबेखोलला एक वऱ्हाड होडीतून निघालं. पलीकडे काठावर ताशेवाले उभे होते, मुलीला हळद लागलेली होती, आणि गाव बघत असताना अर्ध्या खाडीतून होडी वळली आणि परत गेली. का वळली याची उत्तरं तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहेत. आंबेखोलचे म्हणतात, मानपानावरून रुसले. शहरातले म्हणतात, वाऱ्याला भ्याले. वाडीतले म्हणतात, आम्हाला काय ठाऊक, आमचे आजे त्यावर कधी बोललेच नाहीत. मुलीचं काय झालं ते मात्र सगळे एकसारखं सांगतात. हळद लागलेल्या मुलीने बिनलग्नाची रात्र काढायची नाही, म्हणून मांडवात जेवायला आलेल्या एका बिजवराशी तिचं त्याच संध्याकाळी लग्न लावून दिलं. पदरी तीन पोरं होती त्याच्या. त्या मुलीचं नाव हौसा.

तेव्हापासून खाडीकाठच्या एकाही गावाने या वाडीत मुलगी दिली नाही. मग वाडीतल्या मुलांना बायका यायच्या त्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या, जिथे खाडी म्हणजे काय हे कुणी पाहिलेलं नसे आणि वाडीचं हे नाव पोचलेलं नसे. बहुतेक पुरुष मुंबईला. म्हणजे पाण्याला लागून असलेल्या वाडीत सगळं राज्य डोंगरातल्या बायकांचं, आणि त्यांना भरती-ओहोटीचा गंध नाही. पाण्याच्या बाबतीत त्या सगळं देवावर सोडायच्या. एसटीत कंडक्टर ओरडायचा, "माघारे, पुढं सरका", आणि मागची माणसं हसायची. बायका खाली मान घालून पुढे सरकायच्या.

तुळसाबाई त्यांतलीच. लांज्याच्याही वरच्या एका वाडीतून आलेली. समुद्राचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं होतं, रात्रभर कुणीतरी भात कांडतंय आणि थांबत नाही. नवरा शिवा खाडीत कालवं काढायचा. एका श्रावणात तो लहानशा होडकीतून गेला. होडकी सापडली, तो नाही. मुलगा रघू तेव्हा शाळेत होता. तुळसाबाईने त्यानंतर पाण्यात पाऊल टाकलं नाही, पण वाडीही सोडली नाही. पावसात दुसऱ्यांच्या शेतात लावणी करायची, आणि उन्हाळ्यात आंब्याचा रस डब्यात भरायच्या कारखान्यात सालं काढायला जायची. तिच्या हातांना मे महिनाभर आंब्याच्या डिंकाचे डाग असायचे. माझ्याकडे ती संध्याकाळी ताकाला यायची आणि पायरीवर बसून मला त्या दिवसाचा सगळा कारखाना ऐकवायची.

त्यातच एका वर्षी मैनेचं नाव यायला लागलं. आंबेखोलची मुलगी, मावशीकडे राहून कारखान्यात यायची, तुळसाबाईच्या शेजारीच बसायची. "वैनी, ती पोरगी साल काढते ना, तर आंब्याला कळत पण नाय," तुळसाबाई म्हणायची. दुसऱ्या हंगामात ती म्हणाली, "मला मावशी बोलते. काल माझा डबा विसरला तर अर्धी भाकरी दिलीन, आणि बोलते, नको म्हणालात तर मी पण जेवणार नाय." तिसऱ्या हंगामात काही म्हणाली नाही, नुसती ताकाचं भांडं हातात धरून बसली, आणि मला समजलं, ही पोरगी तिला सून म्हणून हवी होती.

रघू मुंबईला गोदीत कामाला लागला होता. मुलगा चांगला, मुलीची ना नव्हती. मैनेचे वडील सखाराम यांचीही ना नव्हती. पण आंबेखोलात माघाऱ्यांना मुलगी द्यायची तर एका माणसाला विचारल्याशिवाय देता येणार नव्हती. हौसाआजी अजून होत्या. सखारामच्या त्या आत्या. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहायला आलेल्या. ज्या मांडवात त्यांची हळद फुकट गेली होती, त्याच अंगणात त्या सकाळ-संध्याकाळ बसत.

त्यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. वऱ्हाड गाडीरस्त्याने येता कामा नये. ज्या पाण्यावरून माघारी गेलात, त्याच पाण्यावरून या.

तुळसाबाईने अट मान्य केली, आणि त्या दिवसापासून तिची झोप गेली.

ही गोष्ट त्या पहिल्या वऱ्हाडाइतकी जुनी असती तर मी ऐकीव सांगितली असती. पण हे शहाऐंशीतलं लग्न, आणि मी त्या होडीत होते.

वैशाखातली पौर्णिमा होती, लग्न गोरज मुहूर्तावर. होडी इद्रीसभाईंची. ते खाडीतून चिरे आणि नारळ वाहायचे, त्यांचा मोठा मचवा वऱ्हाडासाठी धुऊन, पताका लावून आणला होता. त्यांनी आठवडाभर आधी येऊन बजावलं होतं, "तुळसाबाय, पुनवेचं पाणी हाय. जेवढं चढतं तेवढं उतरतं. दुपारची जेवणं झाली की माणसं होडीत पायजेत." तुळसाबाईने मान हलवली होती. वाडीतल्या सगळ्या बायकांनी मान हलवली होती.

पण वाडीची एक रीत आहे. कुणी मोठ्या कामाला निघालं की ग्रामदेवीच्या देवळात कौल घ्यायचा. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी पडली तर देवीची परवानगी, डावीकडची पडली तर नाही. गावाबाहेर जायचं तर कौल साधाच. पण तुळसाबाईला साधा कौल नको होता. तिने गुरवाला सांगितलं, "स्पष्ट विचारा. होडी पलीकडे पोचंल ना, माघारी फिरणार नाय ना, असं विचारा."

गुरवाने तसं विचारलं. आणि कळी पडेना.

उजवीही पडेना आणि डावीही. देवळाच्या गाभाऱ्यात त्या वैशाखातसुद्धा ओल होती, कळ्या पाषाणाला घट्ट बसल्या होत्या. गुरव पुन्हापुन्हा गाऱ्हाणं घालत होता. "बाये, तुजी लेकरा हायत, काय चुकला-माकला असल तर पदरात घे, आणि वाट दाखव." बाहेर सभामंडपात रघू बाशिंग बांधून बसलेला, हातात लिंबू खोचलेली कट्यार. त्याचे चुलते काशीराम दर थोड्या वेळाने पायरीवर येऊन खाडीकडे बघत. शेवटी ते आत जाऊन म्हणाले, "तुळसा, निघूया. देवी काय बोलत नाय म्हणजे नाय म्हणत नाय."

"भावजी, तिनं सांगितल्याबिगर मी पाण्यावर पोराला नेणार नाय."

"इद्रीस ओरडतोय तिकडनं."

"ओरडू दे. त्याला काय, त्याचं पाणीच घर हाय."

बायका तिच्या बाजूच्या. त्यांपैकी एकीनेही काठावर जाऊन पाणी किती उरलंय ते पाहिलं नाही. मी त्यांना काही बोलले नाही, कारण मलाही पाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि देवळात बसून घाई करणं बरं दिसत नव्हतं. उन्हं कलायला लागली तेव्हा उजवी कळी एकदाची पडली. बायकांनी हात जोडले. तुळसाबाई रडली. आम्ही जवळजवळ धावतच धक्क्यावर आलो.

इद्रीसभाईंनी आमच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "बसा," एवढंच म्हणाले.

पहिला अर्धा रस्ता ठीक गेला. ताशा वाजत होता, पोरं पताका ओढत होती. तुळसाबाई मधोमध, माझा हात धरून बसली होती, आणि डोळे पायाच्या बोटांवर लावले होते. मग मला जाणवलं की वल्ही मारणारे दोघे बोलायचे थांबले आहेत. इद्रीसभाई पुढे उभे राहून लांब बांबूने तळ चाचपत होते. प्रत्येक वेळी बांबू आधीपेक्षा कमी बुडत होता. दोन्ही बाजूंनी चिखल वर यायला लागला होता, काळा, चकचकीत, त्यावर खेकड्यांची धावपळ. आणि मग होडीच्या तळाखालून तो आवाज आला, खरवडल्यासारखा. ताशावाल्याने आपोआप हात थांबवला.

इद्रीसभाई मागे आले आणि काशीरामांच्या समोर उकिडवे बसले. हळू बोलले, पण होडीत सगळ्यांना ऐकू गेलं. "पुढं पाणी नाय. मागं हाय, थोडा वेळ. आत्ता फिरवली तर परत धक्क्याला लागू. नाय फिरवली तर हितंच बसायचं मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत. आणि पाणी गेलं की मचवा एका अंगावर कलणार. पोरं हायत, म्हातारी माणसं हायत."

समोर आंबेखोलचा काठ दिसत होता. माणसं उभी होती तिथे. एक लाल पागोटंही दिसत होतं. तिथला ताशा अजून वाजत होता.

कुणीही 'फिरवा' म्हणेना. काशीराम म्हणेनात, इद्रीसभाई म्हणेनात, त्यांचा मचवा असूनसुद्धा. सगळे तुळसाबाईकडे बघायला लागले. तिच्या पलीकडे कुणाचं तरी तान्हं मूल झोपलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं.

"फिरवा," ती म्हणाली.

"तुळसा, कळतंय ना काय होईल ते?" काशीराम म्हणाले. "तिकडं हळद लागलेली पोरगी हाय. दिवेलागणीला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधतील. मागं केलंच की त्यांनी."

"फिरवा मचवा. आणि तुम्ही ट्रक बघा. हातखंब्यावरनं रस्त्यानं या सगळे." मग ती मचव्याच्या मागे दोराने बांधलेल्या इद्रीसभाईंच्या छोट्या होडकीकडे बघत म्हणाली, "ती जाईल ना पलीकडं?"

"ती चिखलावरनं पण जाईल. दोन-तीन माणसं हलकी."

रघू लगेच उठला. "आई, मी जातो. मी गेलो की झालं, लग्न लागेल. तुम्ही मागनं या."

मला वाटलं, हेच बरोबर. काशीरामांनीही मान हलवली. पण तुळसाबाईने त्याचा हात असा धरला की त्याच्या मनगटावर तिची बोटं उमटली. "हळद लागलेल्या पोराला एकटं पाण्यावर सोडायचं नाय. एवढ्याशा होडकीत तर नायच." रघू परत खाली बसला. "मी जाते," ती म्हणाली. "घरची बाई त्यांच्या मांडवात जाऊन बसली म्हणजे वऱ्हाड येणार हे त्यांना कळंल." आणि मग माझ्याकडे वळून, "वैनी, तुम्ही चला माझ्यासंगती. तुम्ही सवाष्ण. माझं पांढरं कपाळ पयलं त्यांच्या मांडवात जायला नको. तुम्ही पुढं व्हा, मी मागं."

मला नाही म्हणता आलं असतं. घरी दोन मुलं होती. पण ती जे मागत होती ते फारच थोडं होतं.

होडकी इतकी लहान की गुडघे हनुवटीला लागत होते. इद्रीसभाईंनी बांबूने ती ढकलायला सुरुवात केली. मागे मचवा हळूहळू वळताना दिसला, आणि त्याच वेळी समोरचा ताशा बंद झाला. तो बंद झालेला ऐकणं हे त्या सगळ्या दिवसातलं मला सगळ्यात वाईट वाटलं. तुळसाबाई होडकीच्या दोन्ही कडा धरून बसली होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत. देवीचं नाव असेल असं मला वाटलं. कान दिला तर ती म्हणत होती, "ट्रक मिळू दे, ट्रक मिळू दे."

पुढे पाणी घोट्याएवढंच राहिलं. इद्रीसभाई खाली उतरले, मांडीपर्यंत रुतले आणि होडकी ओढायला लागले. "उतरायचं नाय, काय झालं तरी," ते म्हणाले. तुळसाबाईने एकदाच विचारलं, "इद्रीसभाय, शिवा हितंच कुठं...?"

"नाय. तो खाली, खाडीच्या तोंडाशी," त्यांनी मागे न बघता सांगितलं. खरं की खोटं, कोण जाणे.

काठावर आता माणसं थोडी राहिली होती. बाकीची वर मांडवाकडे गेली होती. त्या थोड्या माणसांनी आम्हाला हात दिला नाही. इद्रीसभाईंच्या खांद्याला धरून आम्ही वर आलो, मी पुढे, ती मागे. दोघींच्याही निऱ्या चिखलाने भरलेल्या.

मांडव माडाच्या झावळ्यांचा, अंगण नुकतंच सारवलेलं. मध्ये सखाराम उभे. ते रागावलेले नव्हते, ते मला जास्त भीतीचं वाटलं. थकलेल्या आवाजात म्हणाले, "फिरलात ना शेवटी."

"पाणी संपलं," तुळसाबाई म्हणाली. "मचवा कलला असता. पोरं होती. वऱ्हाड ट्रकनं येतंय, हातखंब्यावरनं."

ट्रक मिळाला की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. पण ती असं बोलली जणू ट्रकचा नंबरसुद्धा तिला पाठ आहे.

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "माघारे ते माघारेच. ह्यांच्या मचव्याला पुढची बाजूच नाय." थोडं हसू झालं. मग एक पुरुष पुढे आला, मैनेचा मामा. "एक विचारतो. बायका येतात होडकीतनं आणि नवरा येत नाय, हे कसं? पोराच्याच मनात नसंल तर तसं सांगा, आम्हाला पुढचं बघू दे."

पुढचं काय ते मागच्या दारी चाललंच होतं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मैनेचा आतेभाऊ लवू याला अंघोळ घालत होते. तो बिचारा दुपारपासून पंगतीची भाजी चिरून दमला होता आणि "अहो, पण मला कुणी विचाराल का" असं म्हणताना आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

तुळसाबाई खाली बसली. मांडवाच्या कडेला, जिथे चपला काढलेल्या असतात तिथे. "पोरगा येत होता," ती म्हणाली. "मी नाय सोडला."

"का?"

"भ्याले." तिने हात मांडीवर ठेवले. "त्याचा बाप ह्याच खाडीत गेला. एवढ्याच होडकीतनं. मला धीर नाय झाला. पोराचा काय दोष नाय, दोष माझा. सकाळपासनं माझाच. देवळात मीच उशीर केला. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. पण तो येईपर्यंत मी हितनं उठत नाय."

मामा मागे सरला, पण सखाराम भटजींकडे बघत होते. भटजी पंचांग मिटून आकाशाकडे बघत होते. सूर्य समुद्राकडे उतरला होता. गोरज आलाच होता, आणि आतला पाण्याचा आवाज थांबला होता.

तेव्हा ओटीवरून आवाज आला. "कोण आलंय म्हणालात?"

हौसाआजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना इतका वेळ पाहिलंच नव्हतं. लहानशी, वाळलेली बाई, डोळे मात्र लख्ख.

"वरमाय आलीय, आत्ये," सखाराम म्हणाले. "होडकीतनं."

"ऐकलं मी. तिला विचारते मी काय ते." त्या काठी टेकत ओटीच्या कडेला आल्या. "बाये, तुमचा मचवा फिरला तेव्हा तुला कुणी सांगितलं हिकडं ये म्हणून?"

"नाय. कुणी नाय."

हौसाआजी ओटीच्या कडेला खाली बसल्या. "मी काठावर उभी होते," त्या म्हणाल्या, आणि मांडवातल्या सगळ्यांनी माना वळवल्या, कारण त्या दिवसाबद्दल त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "होडी फिरली. मला वाटलं, आता कोणतरी सांगायला येईल. रुसले असतील तर रुसलो म्हणून सांगतील. भ्याले असतील तर भ्यालो म्हणतील. एक होडकं धाडायला काय लागतं. दिवे लागले तरी मी खाडीकडंच बघत होते. कोण आलं असतं ना, तर मी रात्रभर बसले असते हळदीनं. रात गेली म्हणून काय हळद विटते?"

मग त्या भाच्याकडे वळल्या.

"सखाराम, त्या लवूला म्हणावं, अंग पूस आणि पानं वाढायला लाग."

"आत्ये, आणि ते नाय आले तर?"

"नाय आले तर नाय आले. मी बसलेय ना हितं. मी उठेन तेव्हा बघ."

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते सांगता येणार नाही. गोरज गेला. खाडीवर चंद्र आला, मोठा आणि तांबूस, आणि चिखल चांदीसारखा दिसायला लागला. वर डोंगराच्या रस्त्यावर दोनदा गाडीचा आवाज आला आणि दोन्ही वेळा लांब निघून गेला. दर वेळी मांडवातली सगळी माणसं मान वर करायची आणि मग एकमेकांकडे न बघता खाली घालायची. मी मनातल्या मनात रस्ता मोजत होते. धक्क्यावर पोचले असतील, काशीराम ट्रकच्या शोधात गेले असतील, लग्नसराई, ट्रक कुठला मोकळा असणार, आंब्याच्या पेट्या घेऊन सगळे मुंबईच्या वाटेला. मिळाला असेल तर हातखंबा, मग हमरस्ता, मग हा उताराचा मातीचा रस्ता. मिळाला नसेल तर. तिथून पुढे मला विचार करवत नव्हता.

तुळसाबाई एकाच जागी मांडी घालून बसली होती. कुणी चहा आणला तो तिने घेतला नाही. इद्रीसभाई अंगणाबाहेर दगडावर, चिखल वाळलेल्या पायांनी, विडी न पेटवता बसले होते. खिडकीच्या गजांतून मैनेचा चेहरा दिसला, मुंडावळ्या बांधलेला. ती आमच्याकडेच बघत होती. मी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही नीट जमला नाही.

जेवणावर झाकलेल्या केळीच्या पानांचा वास यायला लागला. भटजी सखारामांच्या कानाशी रात्रीच्या दुसऱ्या मुहूर्ताचं काहीतरी बोलले. सखारामांनी ओटीकडे बघितलं. हौसाआजींनी काठी मांडीवर आडवी ठेवली, म्हणजे उठायचा विचार नव्हता.

आणि मग वरच्या काजूच्या झाडांमधून दोन दिवे खाली येताना दिसले. थांबले. ट्रक पुढे उतरणार नव्हता, रस्ताच नव्हता. नंतर पाखाडीवरून कंदील हलायला लागले, पायऱ्या-पायऱ्यांनी, आणि ताशा, वेडावाकडा, धावताना वाजवलेला. सगळ्यांच्या पुढे रघू होता, बाशिंग कानावर आलेलं, धुळीने पांढरा झालेला. मांडवात शिरताच त्याने आधी आईला शोधलं.

तुळसाबाईने उठायचा प्रयत्न केला आणि तिला उठता आलं नाही. दोन्ही पाय सुन्न झाले होते. तिने जमिनीला हात टेकला, पुन्हा बसली. आजूबाजूच्या बायका तिला धरायला पुढे यावं की नाही या विचारात पडल्या, विधवा बाई, मांडवाच्या तोंडाशी. तेवढ्यात आतून मैनाच बाहेर आली. लग्नाआधी नवरीने असं मांडवात यायचं नसतं, हे तिला कुणी सांगायच्या आत ती खाली बसली आणि तुळसाबाईचे पाय पिवळ्या हातांनी चोळायला लागली. "मावशे, पाय पसरा आधी. एकदम उठू नका."

"अगो, मुहूर्त हाय," भटजी म्हणाले. "हा दुसरा पण जाईल."

हौसाआजी ओटीवरून म्हणाल्या, "गेला तर जाऊ दे. आधी तिच्या पायातल्या मुंग्या जाऊ देत. मग लावा तुमचं लग्न."